लोण्यासारखं

"मॅडम, हात बाहेर काढा ना," तो मुलगा पुन्हा म्हणाला.

हेडबाई दाराशेजारच्या घडीच्या सीटवर बसल्या होत्या. पाठ ताठ, डोकं मागे टेकलेलं, दोन्ही हात मांड्यांखाली, तळवे वर. विमान खरं नव्हतं. कंपनीच्या आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या विमानाचा एक तुकडा कापून ठेवला होता. त्यात दारं होती, सीटा होत्या, आणि विमानात काम करणाऱ्या प्रत्येकाला दर वर्षी इथे येऊन परीक्षा द्यावी लागे. आज परीक्षा नव्हती. आज टाळ्या होत्या.

"हात जागेवर आहेत," हेडबाई म्हणाल्या.

"पण मग टाळी कशी वाजवणार?"

"तोच प्रश्न मला पडलाय."

मागे बसलेली पोरंपोरी खुसखुसली. मुलगाही हसला. तो कंपनीच्या नव्या 'प्रवासी आनंद विभागा'तून आला होता, आणि पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव आनंदीआनंद पडलं होतं. वाईट नव्हता बिचारा. प्रत्येकाशी अदबीने बोलायचा, आणि नकार त्याला ऐकूच येत नसे.

"सोपं आहे मॅडम. चाकं टेकली की इन-चार्जनं, म्हणजे तुम्ही, पहिली टाळी द्यायची. मग बाकीचा स्टाफ, मग प्रवासी. लोकांना वाजवायच्या असतात हो, फक्त सुरुवात करायला लाजतात."

"चाकं टेकली की?"

"हो."

"थांबली की नाही?"

"थांबेपर्यंत मूड जातो. लोक मोबाइल काढतात, बॅगा काढतात. आणि टेकलं म्हणजे पोहोचलोच ना आपण?"

"टेकलं म्हणजे टेकलं. त्या वेळी विमान महामार्गावरच्या गाडीच्या दुप्पट वेगात असतं, बाळा. पोहोचायचं अजून बाकी असतं."

"काही होत नाही मॅडम."

"होत नाही म्हणूनच तू हे शिकवायला आलायस," हेडबाई म्हणाल्या. "झालं तर हे हात हवेत असतात. हवेतला हात आधी मोडतो. मोडक्या हाताने हे दार उघडत नाही. मग तुझे आनंदी प्रवासी आतच राहतात."

आनंदीआनंदने मान डोलावली, मोबाइलवर काहीतरी टिपलं, आणि म्हणाला, "खूप छान मुद्दा आहे. तर आपण आता सगळे मिळून एकदा वाजवून बघूया."

सगळ्यांनी वाजवल्या. पत्र्याखाली आवाज दणदणीत घुमला. हेडबाई तशाच बसून राहिल्या, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत तापत गेल्या.

टाळ्यांशी त्यांचं वैर नव्हतं, हे इथेच सांगायला हवं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत पहिल्यांदाच विमानात बसलेले लोक उतरताना टाळ्या वाजवायचे. कोणी डोळे मिटून, कोणी शेजाऱ्याचा हात धरून बसलेला असे, आणि जमीन लागली की तो सगळा जीव तळहातांतून बाहेर यायचा. एकदा वादळातून उतरल्यावर एक म्हातारे गृहस्थ रडत रडत टाळ्या वाजवत होते, तेव्हा हेडबाईंनाही हुंदका आला होता. पुढे लोक विमानाला सरावले, टाळ्या कमी झाल्या, थांबल्या. मेलेली गोष्ट मरू द्यायची. पण कुठल्यातरी पाहणीत निघालं की टाळ्या वाजवून उतरलेला प्रवासी विमानाला झालेला उशीर विसरतो. कंपनीची विमानं बऱ्याचदा उशिरा उतरत. झालं.

पंधरवड्यात प्रत्येक विमानात, पुढच्या दाराजवळ छताला, काडेपेटीएवढी एक डबी बसली. चाकं टेकल्यानंतर केबिनमध्ये किती आवाज झाला ते ती मोजायची. स्टाफच्या खोलीत पांढरा फळा लागला. वर पायलटांची नावं आणि आवाजाचे गुण, खाली इन-चार्जची नावं आणि पहिली टाळी दिल्याचे गुण. हेडबाईंच्या नावापुढे पहिल्या आठवड्यापासून शून्य होतं.

"हेडबाई नापास," एक पोरगी म्हणाली.

"हेडबाई कधी नापास होतात का? त्या परीक्षेलाच बसल्या नाहीत," दुसरी म्हणाली. हेडबाई हे नाव अशाच कुणीतरी ठेवलेलं होतं, नखं आणि बूट तपासण्याच्या त्यांच्या सवयीवरून. आता कॅप्टनसुद्धा तेच म्हणत.

पायलटांच्या यादीत सगळ्यात वर एक कॅप्टन होते. निवृत्तीला आलेले, देखणे, आवाज घोटीव. त्यांची लँडिंग इतकी अलगद होऊ लागली की प्रवाशांना जमीन लागल्याचं कळत नसे. टाळ्यांचा पाऊस पडे. पोरांनी त्यांना लोणीसाहेब म्हणायला सुरुवात केली, आणि साहेबांना ते आवडलं. लोणी लावणाऱ्यांचीही त्यामुळे सोय झाली.

यादीत सगळ्यात खाली एक तरुण मुलगी होती, नुकतीच को-पायलट झालेली. ती विमान धप्पकन उतरवायची. तिचं नाव पडलं आपटबार.

हेडबाईंना राग होता तो लोणीसाहेबांचा. कारण पावसात विमान आपटायचं असतं हे त्यांना शिकवलं होतं ते ह्याच माणसाने. हेडबाई तेव्हा अगदी नव्या होत्या. धो धो पावसात विमान असं आदळलं की स्वयंपाककोपऱ्यातल्या कपांची चळत कोसळली. विमान रिकामं झाल्यावर त्यांनी भीत भीत विचारलं होतं, "साहेब, काही झालं होतं का?"

"काही होऊ नये म्हणून झालं ते," साहेब म्हणाले होते. "ओल्या धावपट्टीवर पाण्याचा पापुद्रा असतो. अलगद ठेवलं तर चाक पाण्यावर तरंगतं, फिरत नाही, ब्रेक लागत नाही. आणि अलगद ठेवायच्या नादात आपण हवेत लांब जातो. तेवढी धावपट्टी मागे फुकट गेली. पावसात विमान ठेवायचं नसतं, बाई. रोवायचं असतं."

तो शब्द हेडबाईंनी जन्मभर जपला होता. आणि आता तोच माणूस उतरल्याबरोबर कॉकपिटमधून फोन करून विचारायचा, "काय हेडबाई, आज कसं झालं?" बंद दाराआड त्यांना टाळ्या ऐकू येत नसत.

"उतरलं, साहेब," हेडबाई म्हणत.

"ते कळलं हो. टाळ्या?"

"वाजल्या."

"जोरात?"

उतरताना हेडबाई एक उजळणी करत असत. सगळेच करतात, नियमच आहे. विमान जमिनीजवळ आलं की कुणाशी बोलायचं नाही, मनातल्या मनात म्हणायचं, आत्ता काही झालं तर मी काय करीन. हेडबाईंची उजळणी पाच शब्दांची होती. बाहेर, कडी, दार, घसरगुंडी, माणसं. आधी खिडकीतून बाहेर बघायचं, आग नाही ना. मग कडी वर, मग दार ढकलायचं, मग घसरगुंडी फुगल्याची खात्री, मग माणसं. इंजिनांचा आवाज उतरला की त्या बाहेरपासून सुरू करत, आणि घसरगुंडीच्या आसपास खालून दणका येई. वर्षानुवर्षं असंच होतं. चाकांना जणू त्यांची उजळणी पाठ होती.

लोणीसाहेबांच्या विमानात आता माणसंही होऊन जात, आणि खालून काही येत नसे. मग त्या पुन्हा बाहेरपासून सुरू करत. विमान धावपट्टीवर हातभर उंचीवरून नुसतं जात राही, साहेब त्याला आंजारत-गोंजारत, अजून जरा, अजून जरा, आणि मग कधीतरी चाक टेकल्यासारखं वाटे. टाळ्या. कोरड्या दिवशी, लांब धावपट्टीवर, चालून जाई.

तो दिवस कोरडा नव्हता आणि ती धावपट्टी लांब नव्हती.

पाऊस सकाळपासून लागला होता. इंजिनांचा आवाज उतरला. बाहेर, कडी, दार, घसरगुंडी, माणसं. काही नाही. बाहेर, कडी, दार, घसरगुंडी. कॉकपिटच्या दाराआडून एक आवाज आल्यासारखा वाटला, आपटबारचा, दोनच शब्द. माणसं. आणि मग लोण्यात सुरी जावी तसं विमान टेकलं.

पहिली टाळी मागच्या स्टाफने दिली, आणि मग सगळ्या विमानाने उचलली. लहान मुलं, म्हातारे, मधल्या रांगेतलं नवं जोडपं. हेडबाईंच्या बाजूला दाराची छोटी खिडकी होती. धावपट्टीच्या कडेचे दिवे पांढरे असतात, शेवटच्या भागात पिवळे होतात. त्यांनी बाहेर पाहिलं तेव्हा दिवे पिवळे होते, आणि ते मागे पळायचा वेग कमी होत नव्हता. इंजिनं उलटी गर्जत होती. विमान थरथरत होतं, पण धरत नव्हतं. टाळ्या चालू होत्या.

"अहो, तुम्ही पण वाजवा की," पहिल्या रांगेतली बाई हसून म्हणाली.

हेडबाईंनी तिच्याकडे पाहिलं. बाईचं हसू जागच्या जागी गेलं.

मग ब्रेक एकदम लागले. सगळी डोकी पुढे गेली, एक पर्स जमिनीवरून सरकत हेडबाईंच्या पायांशी आली, आणि विमान थांबलं. ते वळायला लागलं तेव्हा खिडकीत धावपट्टीच्या टोकाचे लाल दिवे आले. त्यांच्यापलीकडे चिखल होता आणि चिखलापलीकडे कुंपण. दिवे इतके जवळ होते की त्यांच्यावर पडणारा पाऊस दिसत होता.

फोन वाजला. "काय हेडबाई, आज कसं?"

हेडबाईंनी उत्तर न देता फोन जागेवर ठेवला.

प्रवासी हसत उतरले. "पायलटसाहेबांना सांगा हं, कमाल केली," असं त्यांतले कितीतरी म्हणाले. हेडबाई दारात उभ्या राहून प्रत्येकाला "सावकाश उतरा" म्हणाल्या. दात एकमेकांवर इतके दाबलेले होते की शब्द फटीतून यावेत तसे येत होते. शेवटचा माणूस उतरल्यावर त्या कॉकपिटमध्ये गेल्या.

लोणीसाहेब टोपी घालत होते. शेजारी आपटबार मान खाली घालून पट्टे सोडवत होती.

"साहेब, टोकाचे दिवे बघितलेत का?"

"थांबलं ना?"

"मी काय विचारतेय?"

"मी काय सांगतोय? थांबलं. तुला काही लागलं? कुणाला काही लागलं? मग?"

"पावसात ठेवायचं नसतं, रोवायचं असतं. कोण म्हणालं होतं हे?"

साहेबांचा चेहरा क्षणभर जुना झाला, मग पुन्हा देखणा. "हेडबाई, मी पस्तीस वर्षं विमान चालवतोय. तू चहा देतेस. दोन्ही कामं महत्त्वाची आहेत. आपापली करू."

त्यांनी हे मोठ्या आवाजात म्हटलं नाही, आणि तेच जास्त लागलं. हेडबाईंना त्या क्षणी ती टोपी उडवून द्यावीशी वाटली. त्यांनी फक्त आपटबारकडे पाहिलं. मुलीने पाहिलं नाही.

स्टाफच्या बसमध्ये मात्र ती हेडबाईंच्या शेजारी येऊन बसली. काचेवरून पाणी वाहत होतं.

"आत तू काहीतरी म्हणालीस," हेडबाई म्हणाल्या.

"मी 'गो अराउंड' म्हणाले. म्हणजे उचला, पुन्हा येऊ."

"माहितीये मला त्याचा अर्थ."

"मी म्हटलं की त्यांनी उचलायलाच पाहिजे, ताई. तसा नियम आहे. वादच घालायचा नसतो. ते म्हणाले, बसतंय गं, बसतंय."

"मग हे सांग ना वर."

"कोण ऐकेल? मी फळ्यावर तळाला आहे. म्हणतील, जळते." ती नखाने सीटचं रेक्झिन खरवडत होती. "मला परवा बोलावून सांगितलं, जरा नरम उतरवत जा. लोकांना तुझी भीती वाटते. ताई, मला आता धावपट्टी दिसली की आधी ती डबी आठवते. हात आपोआप ओढला जातो. परवा मीही लांब गेले. कोरडं होतं म्हणून ठीक."

"पुन्हा असं केलंस तर कानाखाली देईन."

"हो," मुलगी म्हणाली, आणि तिला जरा बरं वाटलं असावं.

घरी नवरा कवळ्या घासत बसला होता. पुढच्या खोलीत त्याचा छोटा कारखाना होता. डॉक्टर माप पाठवायचे, तो दात करायचा. टेबलावर चार-पाच जबडे कायम हसत पडलेले असत.

"दात खाऊ नकोस," बायकोचा चेहरा बघून तो म्हणाला. "घरचं गिऱ्हाईक मी घेत नाही."

हेडबाईंनी सगळं सांगितलं. सांगताना उभ्याच होत्या. त्याने घासायचं यंत्र बंद केलं.

"मग आता?"

"उद्या सुरक्षा विभागात जाणार. आणि टाळी वाजवणार नाही. आजवर टाळत होते, आता तोंडावर सांगणार."

"अगं, पहिलं कर. ते बरोबर आहे. दुसऱ्याचं काय? दोन हात एकमेकांवर आपटायचे. तुला विमानातून काढतील. जमिनीवर तू जगशील का? सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी तू मला बूट तपासायला लागतेस."

"म्हणजे वाजवू?"

"वाजव आणि मनात शिव्या दे. सगळी दुनिया तेच करते."

"म्हणूनच दुनियेची ही दशा आहे."

"हे बघ, आता दुनियेवर गेलीस. मी दुनियेचं बोलत नाही, तुझं बोलतोय."

"तुम्ही दुनियेचंच बोललात आत्ता."

त्याने यंत्र पुन्हा सुरू केलं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि हेडबाईंना सगळ्यात जास्त चीड त्याचीच आली होती. विमानाखेरीज त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आवडत नव्हतं. दार लावल्यावर कानांना दडे बसतात तो क्षण, दीडशे माणसं आपल्या भरवशावर झोपलेली, एवढंच त्यांना जगाकडून हवं होतं.

सुरक्षा विभागाने ऐकून घेतलं. चार दिवसांनी बोलावलं. एक मोठ्या बाई होत्या, शेजारी आनंदीआनंद. खोलीत गारठा होता.

"विमानातली नोंद आम्ही तपासली," मोठ्या बाई म्हणाल्या. "जरा लांब टेकलं होतं. पण मर्यादेत."

"कुठल्या मर्यादेत? टोकाचे लाल दिवे मला मोजता येत होते."

"मर्यादेत म्हणजे मर्यादेत. कॅप्टनना समज दिली आहे."

"को-पायलटनं उचला म्हटलं होतं. तिला विचारलंत?"

"विचारलं. तिनं सांगितलं. कॅप्टन म्हणतात, तोवर चाकं टेकली होती." मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "आता तुमचा विषय. तुमच्या विमानात टाळ्यांची सुरुवात तुम्ही करत नाही."

"फळा काढा," हेडबाई म्हणाल्या. "बाकी काही मागत नाही. गुण देणं बंद करा. लोकांना वाजवायच्या तर वाजवू दे. पण पायलटला आकडा कळता कामा नये. पावसात त्याने दणकन उतरावं आणि कुणाची पर्वा करू नये, एवढंच."

आनंदीआनंद पुढे झुकला. "खूप छान सूचना आहे. फळा काढतोय आम्ही."

हेडबाईंना क्षणभर ऐकलेलं खरं वाटलं नाही.

"आता सगळं मोबाइलवर येणार," तो म्हणाला. "प्रत्येकाला आपापलं, उतरल्या उतरल्या."

हेडबाई हसल्या. रागाच्या एका टोकाला पोहोचलं की येतं तसं हसू. मोठ्या बाईंनी सरळ सांगितलं, पुढच्या फेरीला हा मुलगा पहिल्या रांगेत बसेल. तुम्ही टाळी द्याल. दिली नाहीत, तर जमिनीवर काम आहे, मान कमी नाही.

पुढच्या फेरीला पुन्हा पाऊस होता, पुन्हा तीच आखूड धावपट्टी. कॅप्टन लोणीसाहेबच होते, पण उतरवण्याची पाळी मुलीची होती. निघण्यापूर्वी ती कॉकपिटमध्ये जाताना हेडबाईंशेजारी थांबली. हेडबाई एवढंच म्हणाल्या, "रोव."

आनंदीआनंद समोर बसला होता, पट्टा नीट आवळलेला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. विमान ढगांत हेलकावे खात होतं, आणि हेडबाईंच्या प्रथमच लक्षात आलं की पोराला विमानाची भीती वाटते.

इंजिनांचा आवाज उतरला. बाहेर, कडी, दार, घसर...

दणका असा बसला की वरची दोन कपाटं उघडली. कुणीतरी "आई गं" म्हणालं. एक लहान मूल रडायला लागलं. विमान जमिनीला चिकटलं, ब्रेक लागले, आणि खिडकीतले दिवे पांढरे होते. पांढरे, आणि हळू हळू मागे जाणारे. पुष्कळ धावपट्टी पुढे शिल्लक होती.

केबिनमध्ये कुणी बोलत नव्हतं. आनंदीआनंदने हेडबाईंकडे पाहिलं आणि छातीसमोर दोन हात आणून खूण केली. विनवणीसारखी. हेडबाईंनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. त्या हलल्या नाहीत. मग त्याने स्वतःच वाजवली. एक, दोन, चार. भिजलेल्या कपड्यावर थोपटावं तसा आवाज. कुणी साथ दिली नाही. त्याने हात मांडीवर ठेवले.

दार उघडलं तेव्हा लोणीसाहेब बाहेर येऊन उभे राहिले. मुलगी त्यांच्यामागे होती.

"काय हो, हे काय उतरवणं झालं? माझी पाठ गेली," एक गृहस्थ म्हणाले.

"आज मी नव्हतो," लोणीसाहेब हसून म्हणाले, आणि अदबीने बाजूला सरकले, म्हणजे मागची मुलगी दिसावी. "मॅडम नवीन आहेत. शिकतील."

तेच ते पुढच्यालाही म्हणाले. आणि त्याच्या पुढच्यालाही. मुलीचे कान लाल झाले होते. मग हेडबाई दोघांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या, कॅप्टनकडे पाठ करून, आणि त्यानंतर ज्याने ज्याने तोंड उघडलं त्या प्रत्येकाला म्हणाल्या, "आजच्या पावसात असंच उतरवायचं असतं. सावकाश उतरा." एकदाही आवाज चढला नाही. एका बाईने विचारलं, "खरं का?" हेडबाई म्हणाल्या, "हो. त्यांना विचारा." पण बाईने हेडबाईंच्या पाठीमागे पाहिलं तेव्हा साहेब कॉकपिटमध्ये परत गेले होते.

दुसऱ्या आठवड्यापासून हेडबाई हरवलेल्या सामानाच्या काउंटरवर बसू लागल्या. सामान येण्याचा फिरता पट्टा समोर, मागे उंच काचा, काचांपलीकडे धावपट्टी, पण काचा दुधी. दिसत काही नाही. लोक इथे रागावूनच येतात, त्यामुळे काम अवघड नव्हतं. रागाची त्यांना सवय होती.

एका पावसाळी दुपारी एक गृहस्थ आले. बॅग आली नव्हती, तरी खुशीत होते.

"बॅगेचं बघा जरा. पण तुमचे पायलट काय हो, वा. एवढ्या पावसात, कळलंच नाही कधी टेकलं. लोण्यासारखं. सगळं विमान टाळ्या वाजवत होतं."

"बॅगेचा रंग?" हेडबाई म्हणाल्या.

"निळी. म्हणजे, गडद निळी. चाकं आहेत. आणि ना, एका बाजूला..."

काचांमागे एक विमान उतरलं. उलट्या इंजिनांची गर्जना सुरू झाली. रोज दिवसभर होते ती, कुणाचं लक्ष जात नाही. हेडबाईंनी पेन ठेवलं आणि उभ्या राहिल्या.

"ओरखडा आहे," गृहस्थ म्हणाले. "लिहिताय ना?"

गर्जना आता उतरायला हवी होती. उतरली नाही. पट्ट्यावर बॅगा फिरत होत्या, एक मुलगी आईला फोटो दाखवत होती. दुधी काचा किंचित थरथरत होत्या. हेडबाई पाठमोऱ्या, मान तिरकी करून उभ्या होत्या.

"अहो बाई, मी तुमच्याशी बोलतोय."

"थांबा," हेडबाई म्हणाल्या.

आवाज चालू होता. मग कमी होत होत विरला, आणि हॉलमधली बाकीची गडबड पुन्हा ऐकू येऊ लागली. त्या अजून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग वळल्या, खुर्ची पुढे ओढली आणि बसल्या.

"हं. ओरखडा कुठल्या बाजूला?"